आई, हातोडी आणि भंडाऱ्यातली ‘खाली’ घरं

बाबांच्या रिटायरमेंटला थोडेच महिने उरले होते आणि आमच्या मालकीचं म्हणावं असं एकही घर पृथ्वीच्या पाठीवर नव्हतं. ऐंशीच्या दशकाची सुरुवात. बाबा जवाहरनगरला, दारूगोळा कारखान्यात नोकरीला. त्याआधी तीन गावांत तीन सरकारी क्वार्टर झाली होती, हे चौथं. मी नागपूरला कॉलेजात, होस्टेलवर. दिवाळीच्या सुट्टीत घरी आले तेव्हा आईने जाहीर केलं, “आता आपलं घर बघायचं. कसलंही चालेल. फक्त भिंतीत खिळा ठोकता आला पाहिजे.”

ही अट समजायची तर आधी आमचे बाबा समजायला हवेत. वसाहतीतल्या यच्चयावत क्वार्टरांच्या भिंतींना खिळ्यांनी भोकं पडली होती. देव, नेते, नट्या, कॅलेंडरं, पोरांची प्रमाणपत्रं, सगळे सुखाने लटकत होते. आमच्या भिंती मात्र कोऱ्या. बाबांचं म्हणणं, “भिंत सरकारची आहे. देताना जशी घेतली तशीच द्यायची.” असला काही नियम ऑफिसात कुणी ऐकला नव्हता. बाबांनी तो स्वतःच केला आणि स्वतःच पाळला. म्हणजे आईला पाळायला लावला. आमचं कॅलेंडर कपाटाला टेकून उभं असे. आईने लग्नाआधी भरलेली ‘सुस्वागतम्’ची चौकट, दोन बाजूंना दोन मोर, वर काच, ही ट्रंकेत साड्यांच्या घडीत झोपलेली. चार गावं हिंडूनही तिने अजून कुणाचंही स्वागत केलं नव्हतं.

तर घर बघायचं ठरलं. दलाल मिळाला डोमाजी, बाबांच्या खात्यातल्या एका माणसाचा साळा. डोक्यावर पांढरी टोपी, तोंडात पान आणि बोलण्यात असा विश्वास, की ताजमहालही त्याच्याकडे विकायला असावा.

“साकोलीकडे एक बंगला हाय जी,” तो आमच्या व्हरांड्यात बसून म्हणाला. “तलावावर. खाली हाय.”

आई दचकली. “तलावाच्या खाली? मग पावसाळ्यात काय होतं?”

“पावसाळ्यातबी खालीच राह्यते.”

“अगंबाई! आणि वर?”

“वर कौलं हायेत ना जी.”

आई माझ्याकडे बघायला लागली. तिच्या डोळ्यांपुढे बहुतेक पाण्याखालचा बंगला आणि गळाभर पाण्यात भाकऱ्या थापणारी ती, असं चित्र असावं. इथे येऊन पाचेक वर्षं झाली होती, पण वसाहतीत अख्खा हिंदुस्थान भरलेला. कामापुरतं हिंदी बोललं की भागायचं. मी होस्टेलात साकोली-तुमसरच्या मुलींबरोबर राहत असल्याने माझी भाषा जरा सुधारली होती. मी सांगितलं, “आई, खाली म्हणजे रिकामा.”

“मग रिकामा म्हणायला काय होतं?” आई म्हणाली, आणि लगेच जाऊन तिने पिशवीत हातोडी आणि मूठभर खिळे टाकले. प्रवासाला निघताना लोक दशम्या-चटणी घेतात.

शनिवारी सकाळी आम्ही तिघं एस.टी.ने भंडाऱ्याला आलो. स्टँडवर डोमाजी उभाच होता. तिथून साकोलीची गाडी धरली. वाचकांपैकी कुणाला जायचं असेल तर रस्ता सोपा आहे: नागपूर-रायपूर हमरस्ता, भंडारा सोडलं की वैनगंगेचा पूल, मग लाखनी, मग साकोली. जायचं तर थंडीतच जा. धान कापून झालेलं असतं, खळ्यांवर पुंजणे, म्हणजे धानाच्या भाऱ्यांचे ढीग, रचलेले दिसतात आणि हवेला ताज्या पेंढ्याचा वास असतो. आमच्या गाडीला तर खिडक्यांच्या काचाही नव्हत्या, त्यामुळे हवा तिकिटाच्या पैशांतच भरपूर मिळाली. आईने कानांना पदर बांधला आणि बाबा “काय प्युअर हवा आहे!” म्हणत शिंकत राहिले.

साकोलीच्या स्टँडवर आलुबोंडा खाल्ला. वर लाल तर्री. बाबांनी पहिला घास घेतला आणि त्यानंतर बराच वेळ ते काही बोलले नाहीत, एवढं सोडलं तर आलुबोंडा उत्तम. पुढे बैलांची रेंगी. रेंगी म्हणजे हलकी, छोटी गाडी. ती खड्डा चुकवत नाही, शोधते.

तलाव मात्र खरोखर सुंदर होता. लांबच लांब मातीची पाळ, पाण्यावर कमळाची पानं, पलीकडे जंगलाची निळी रेघ. पाळीच्या टोकाला तो बंगला. नागपूरच्या कुणा लाकडाच्या ठेकेदाराने शिकारीसाठी बांधलेला. पुढे शिकारीवर बंदी आली आणि ठेकेदाराची निसर्गाची ओढ एकाएकी आटली. त्यानंतर मालकाने इकडे तोंड दाखवलं नव्हतं. निम्म्या खिडक्यांची तावदानं गेलेली, एका खोलीच्या कौलांतून पिंपळ डोकं बाहेर काढून हवापाणी तपासत होता. बाबा पाण्याकडे तोंड करून उभे राहिले आणि म्हणाले, “व्ह्यू बघ.” मला त्यांच्या मागची फुटलेली पायरी दिसत होती, पण व्ह्यू म्हटलं की माणसाने पुढेच बघायचं असतं.

आणि या खाली बंगल्याच्या व्हरांड्यात चूल पेटलेली होती. दोरीवर लुगडी. सुपात झिंगे, तलावातली बारकी कोळंबी, वाळत घातलेले. दोन पोरं, एक म्हातारा, एक कुत्रं आणि चुलीशी बसलेली एक बाई. तिने आम्हाला बघून डोक्यावरचा पदर सारखा केला.

“डोमाजी,” बाबा म्हणाले, “तुम्ही तर रिकामा आहे म्हणालात.”

“खालीच हाय ना जी!” डोमाजीला प्रश्नच कळला नाही. “पुसा तिले. काय वो भागरताबाई, बंगला खाली हाय का नाई?”

“खालीच हाय ना,” भागरताबाई म्हणाली. “आमी तं निस्ते राहून राहिलो.”

मी हसले. इतका मासलेवाईक विनोद होस्टेलात सांगायला मिळणार म्हणून मनातल्या मनात पाठही करून ठेवला. आई हसली नाही. ती चपला काढून आत गेली.

भागरताबाईचं घर ढिवरांचं. तिचा नवरा तलावात मासे धरायचा, तो आत्ताही तिकडेच होता. तिने आम्हाला सगळा बंगला हिंडून दाखवला, अगदी घरधनिणीच्या रुबाबात: ही खोली गळते, ही नाही गळत, या कोपऱ्यात साप निघाला होता पण तो गरीब होता. आणि भिंती! चुन्यातल्या, जाडजूड. प्रत्येक भिंतीला खिळे. खिळ्यांवर जाळी, टोपल्या, कंदील, आरसा, पोरांच्या चड्ड्या. ज्यांचं घर नव्हतं त्यांनी इतके खिळे ठोकले होते, आणि आमच्या नावावर रीतसर क्वार्टर असून आमचं कॅलेंडर कपाटाला टेकलेलं.

आईने पिशवीतून हातोडी काढली. मग अवघडून म्हणाली, “एक खिळा ठोकून बघू का? तुमची हरकत नसेल तर.”

“ठोका ना जी. आमाले काहून पुसता?”

आईने ठोकला. ठण्‌ठण्‌ आवाज आला, पोपडासुद्धा उडाला नाही. आईने त्या खिळ्याला दोन बोटांनी धरून लटकल्यासारखं केलं. खिळा हलला नाही. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी तिच्या चेहऱ्यावर क्वचित पाहिलं होतं. हे घर तिला हवं होतं. गळकी खोली, पिंपळ, गरीब साप, सगळ्यासकट हवं होतं.

डोमाजीने ते ओळखलं. दलालच तो. बाबांना बाजूला घेऊन, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात म्हणाला, “या लोकायची काळजी करू नका साहेब. तुमी हो म्हना, दोन दिवसांत खाली करून देतो.”

“आत्ताच तर खाली होता ना?” बाबा म्हणाले.

“हाय ना. अजून खाली करू.”

भागरताबाई चुलीशी परत जाऊन बसली होती. ती सुपातले झिंगे उगाच इकडचे तिकडे करत राहिली. तिचा म्हातारा सासरा तेवढा म्हणाला, “आमी कुठंबी जाऊ जी. पान्याजवळ असलं म्हंजे झालं.” पाणी तर तिथे एकच होतं, ते समोरचं.

बाबा आईकडे बघत होते. मला वाटलं, ते काहीतरी तत्त्वाचं बोलणार. त्यांचा तसा लौकिक होता. पण बहुतेक पहिल्यांदाच त्यांनी निर्णय आईवर सोडला, आणि तोही असा. आईने हातोडी पिशवीत टाकली.

“मला रिकामं घर हवंय,” ती डोमाजीला म्हणाली. “हे रिकामं नाही.”

खिळा तिने काढला नाही. आम्ही पाळीवर पोचलो तेव्हा मी मागे वळून पाहिलं, तर भागरताबाईच्या धाकट्या पोराने त्यावर आपली टोपी अडकवलेली होती. पुढे डोमाजीने तो बंगला आणखी कुणाकुणाला दाखवलाच असेल. त्यातल्या कुणी हो म्हटलं की काय, मला माहीत नाही, आणि कळू नये असंच तेव्हापासून वाटत आलंय.

परतीच्या वाटेवर लाखनीला उतरून डोमाजीने एक ‘नवीकोरी खाली इमारत’ दाखवली. इतकी नवी, की अजून वरचा अर्धा भाग झालाच नव्हता. स्लॅबमधून लोखंडी सळया आकाशाकडे बघत उभ्या, कित्येक पावसाळ्यांनी गंजलेल्या. दोन भावांचं भांडण. थोरला म्हणे वरचा मजला माझा, धाकटा म्हणे जिना माझा. एका खोलीत शाळेचे एक मास्तर सहकुटुंब राहत होते; त्यांनी आम्हाला कोर्टाची माणसं समजून आदराने चहा पाजला. इथे आईने हातोडी काढली नाही. म्हणाली, “या घरात अर्ध्या भिंती थोरल्याच्या आणि अर्ध्या धाकट्याच्या. खिळा चुकून मध्ये बसला तर मला साक्षीला बोलावतील.”

रविवारी तुमसर. तुमसरला तुम्ही डोळे बांधून गेलात तरी ओळखाल: राइस मिलांचा घरघराट, उकडलेल्या धानाचा वास आणि कपड्यांवर कोंड्याची पिठूळ धूळ. स्टँडवरून सायकलरिक्षा केली. दोन रिक्षांत आम्ही चौघं. बाबा आणि डोमाजी पुढे, आम्ही मागे. वाटेत एका खानावळीत जेवलो. भात इतका सुवासिक आणि मोकळा, की आईने वाढणाऱ्याला दोनदा तांदळाचं नाव विचारून घेतलं. प्रवासातला हा एकमेव आनंद असा, ज्याला पोपडे आलेले नव्हते.

एका बंद पडलेल्या मिलच्या मॅनेजरचा बंगला खाली होता. खाली म्हणजे काय, हे आता आम्हाला कळत होतं. दिवाणखान्यात कोंड्याची पोती, झोपायच्या खोलीत शेळ्या, आणि न्हाणीघरात एक शिंपी मशीन टाकून बसलेला. त्याच्या म्हणण्याप्रमाणे उजेड तिथेच चांगला. डोमाजीने त्याला विचारलंही, “बंगला खाली हाय ना गा?” शिंपी दोरा दातांनी तोडत म्हणाला, “एकदम.” आईने दिवाणखान्यात खिळा ठोकला, तेव्हा पलीकडच्या खोलीतून शेळी ओरडली आणि ताटाएवढा गिलावा खाली आला. हे ‘खाली’ आमच्याकडचं.

तिथून निघताना कंपाउंडच्या मागे आईला एक बुटकं घर दिसलं. दोन खोल्या, एक पडवी, दारावर गंजकी कडी. मिलच्या कारकुनासाठी बांधलेलं असावं. पडवीत गवत गुडघाभर. आईने कडी काढली. आत कुणीही नव्हतं. चूल नाही, पोतं नाही, शेळीची लेंडीसुद्धा नाही.

“हे कुणाचं?” आईने विचारलं.

“ते?” डोमाजीने हात झटकला. “ते कायले पाहता बाई. ते खाली नाई. ते पडीत हाय.”

तेव्हा कुठे दोन दिवसांच्या दौऱ्याचं सार माझ्या हाती लागलं. ज्यात माणसं राहतात ते खाली, ज्यात कुणीच राहत नाही ते पडीत. या शब्दकोशाचा तुम्हाला पुढेमागे उपयोग होईल, म्हणून देऊन ठेवतेय.

आईने त्या पडीत घरात खिळा ठोकला. ठोकला म्हणणंही जास्तच. खिळा टेकवला आणि तो आपणहून आत गेला, दह्यात बोट जावं तसा. भिंत मातीची, वरून चुना. बाबा म्हणाले, “चला. इथे खिळाच काय, भिंतसुद्धा टिकायची नाही.” आई पडवीत जरा वेळ उभी राहिली आणि मुकाट्याने रिक्षात बसली. मीही दमून गेले होते, आणि या दोघांना सोडून आपण होस्टेलवर निघून जाणार याची मला लाजही वाटत होती.

संध्याकाळी जवाहरनगरला पोचलो तर आमच्या व्हरांड्यात एक तरुण जोडपं. तो मुलगा दोन्ही तळहात कानशिलांना लावून आमच्या खिडकीतून आत बघत होता. त्याची बायको मागे, हातभर हिरवा चुडा, बोटांच्या वितीने पडद्यासाठी खिडकी मोजत होती. त्या खिडकीतून समोरची कोरी भिंत तेवढी दिसे; आम्ही फाटकाशी आहोत हे त्यांना दिसलं नव्हतं.

“खालीच हाय वाटते,” तो तिला म्हणाला. “भिंतीवर काईच नाई.”

“कॅलेंडरबी नाई वो,” ती म्हणाली. “गेले असतीन.”

बाबा फाटकाची कडी धरून तसेच उभे राहिले. गेले दोन दिवस आम्ही हेच करत हिंडलो होतो: लोकांच्या खिडक्यांतून आत बघणं, नाकं मुरडणं, राहत्या माणसांदेखत घर रिकामं आहे का विचारणं. आमच्यावरही कधी ही पाळी येईल हे डोक्यात आलं नव्हतं.

आई पुढे झाली. “खालीच आहे,” ती म्हणाली. “आम्ही नुसते राहतो.”

मुलगा एवढा ओशाळला, की पायरीवरून मागच्या मागे पडता पडता वाचला. “माफी करा जी मावशी. कोनीतरी म्हनलं, हे क्वार्टर खाली होनार हाय म्हनून… मी नवाच लागलो कारखान्यात. आमी भाड्याच्या खोलीत राहून राहिलो, तिथं लय पोट्टे…” त्याची बायको पदराच्या टोकाशी चाळा करत होती. आईने दोघांना आत नेलं, चहा केला, पाण्याची वेळ सांगितली, कुठल्या खोलीत दुपारी ऊन येतं ते सांगितलं. भागरताबाईने आम्हाला दाखवलं होतं, तसंच. जाताना ती मुलगी दाराशी थांबून कोऱ्या भिंतीकडे बघत म्हणाली, “तुमी भिंती लय चांगल्या ठेवल्या मावशी.” कौतुकच होतं ते. आईने मान हलवली आणि कपबशा उचलून आत गेली. मोरीत बराच वेळ नळ वाहत होता.

बाबा खुर्चीत बसले होते. मग उठले, आईची पिशवी उघडली, हातोडी आणि खिळा काढला. मला म्हणाले, “स्टूल धर.”

आयुष्यात पहिल्यांदाच खिळा ठोकणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? बॉम्बगोळ्यांच्या कारखान्यात जन्म काढलेला, पण पहिला घाव बोटावर, दुसरा भिंतीवर, तिसरा पुन्हा बोटावर. आवाज ऐकून आई हात पुसत बाहेर आली. “अहो, हे काय? भिंत सरकारची आहे!” तिने बाबांचंच वाक्य बाबांना ऐकवलं, आणि ऐकवता ऐकवता तिचा आवाज फाटला. बाबा वळले नाहीत. खिळा वाकडा बसला, पण बसला. “ट्रंक उघड,” ते म्हणाले.

‘सुस्वागतम्’ची चौकट साड्यांतून बाहेर निघाली. एका मोराचा रंग उडालेला, काचेला कोपऱ्यात तडा. ती भिंतीवर लागली तेव्हा चौकट जराशी एका बाजूला कलली होती. आई खाली बसून तिच्याकडे बघत राहिली आणि रडली. बाबा बोट चोखत उभे होते, त्यांचेही डोळे धड नव्हते. मी स्टूल धरूनच राहिले, कारण सोडलं असतं तर मला काय करावं ते कळलं नसतं.

दुसऱ्या दिवशी बाबांनी डोमाजीला निरोप पाठवला: तुमसरचं पडीत घर घ्यायचंय. तिथून कुणाला उठवावं लागणार नव्हतं, कारण एवढंच. डोमाजीने शेवटपर्यंत समजावलं म्हणे, “एवढे खाली बंगले सोडून पडीत घर कायले घेता जी?” भिंती पुन्हा बांधाव्या लागल्या, आणि त्या सुकायच्या आत आईने त्यांची चाळणी केली. हल्ली लोक मला विचारतात, भंडाऱ्यात पाहण्यासारखं काय आहे? तलाव आहेत, नागझिऱ्याचं जंगल आहे, तुमसरचा भात आहे. पडकी घरंही भरपूर आहेत. फक्त आत डोकावण्याआधी दारावर थाप मारा.

क्वार्टर त्या खिडकी मोजणाऱ्या जोडप्याला मिळालं होतं. ते सोडायच्या दिवशी बाबांनी सगळं घर स्वतः झाडलं. नळाच्या तोट्या, कड्या-कोयंडे, दिव्यांची बटणं, एकेक हात लावून तपासलं. आईने चौकट उतरवून ट्रंकेत ठेवली. मी पिशवीतून पक्कड काढून बाबांपुढे धरली. मला वाटलं, आता तो वाकडा खिळा उपटतील, भोक चुन्याने बुजवतील आणि भिंत जशी घेतली तशी देतील.

“राहू दे,” बाबा म्हणाले. “त्या पोरीला लागेल.”